कलकत्त्याची दिंडं

साखर कारखान्याला ऊस लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पोती लागतात, हे फक्त स्टोअरमधल्या माणसांना माहीत असतं. आमच्या सहकारी कारखान्याच्या स्टोअरमध्ये आम्ही दोघं होतो. एक स्टोअरकीपर आणि दुसरा त्यांचा क्लार्क, म्हणजे मी. ऐंशीनंतरच्या एका हंगामात पोत्यांची पहिली खेप तळाशी उसवलेली निघाली आणि साखर गोदामभर सांडली. दुसऱ्या खेपेला तरी माल नीट बघून घ्यावा, म्हणून ऐन डिसेंबरात संचालक मंडळानं आम्हांला कलकत्त्याला धाडलं. वीण मोजायची, शिवण ओढून बघायची, वजन करायचं आणि मग माल पास करायचा.

स्टोअरकीपर माझ्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठे, येरमाळ्याकडच्या बागायतदार घरातले. अख्खा कारखाना त्यांना मामा म्हणायचा, मीही म्हणायचो. पोतं हातात घेऊन नुसत्या वासावरून ताग ओला की कोरडा हे ओळखायला त्यांनीच मला शिकवलं. माझी चूक झाली तर वरच्या साहेबांसमोर ती स्वतःच्या अंगावर घ्यायचे आणि स्टोअरमध्ये आल्यावर मला सोलून काढायचे. माझा त्यांच्यावर जीव होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं नुसती तक्रार वाटेल.

आमचं घर ईट गावचं, बौद्ध. मामांच्या घरून आमच्याकडं हुरडा यायचा, शेंगा यायच्या, पाडाचे आंबे यायचे, सणाला पुरणपोळ्या यायच्या. आमच्याकडून त्यांच्याकडं कधी काही गेलं नाही. माझ्या लग्नाला ते आले, आहेर केला, पाणी न पिता परत गेले. बायकोनं चार-पाच वेळा जेवायला बोलावलं. कधी त्यांना उपास असायचा, कधी पित्त झालेलं असायचं, कधी ते आत्ताच जेवून निघालेले असायचे. नकार इतका गोड की आपणच त्यांची माफी मागावी. शेवटी बायको म्हणाली, "तुमच्या मामांना आपल्या घरचा चहाबी पचत न्हाय, कशाला जीव काढताव?" तिनं नाद सोडला, मी सोडला नाही. या माणसानं एकदा तरी माझ्यासोबत बसून जेवावं असं मला वाटायचं, आणि असं वाटतं याची लाजही वाटायची.

एसटीनं सोलापूर गाठलं आणि तिथून गाड्या बदलत हावडा. मामांच्या पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा होता. दोन धपाटे ते आधी माझ्या कागदावर ठेवायचे, मग स्वतः खायचे. माझ्या डब्यात दशम्या होत्या. मी डबा पुढं केला की म्हणायचे, "नगं लेका, पोट जड हाय." नागपूर गेल्यावर धपाट्यांना बुरशी आली, तरी त्यांचं पोट जडच राहिलं.

कलकत्त्यात मोहरीच्या तेलाच्या वासानं ते हैराण झाले. दोन दिवस केळी आणि मुरमुऱ्यांवर काढले. पोत्याची शिवण त्यांना ओढवेना, तेव्हा माल दाखवणारा दलालाचा माणूस घाबरला. तो म्हणाला, सकाळी लवकर जुन्या चिनी वस्तीत जा, तिथं सगळं वाफेवरचं मिळतं, तेलाचा थेंब नसतो. मामा म्हणाले, "चिनी तर चिनी. तेल नसलं म्हंजी झालं."

सहा वाजता आम्ही त्या गल्लीत पोचलो. एक म्हातारी चिनी बाई शेगडीपाशी बसली होती. पातेल्यावर बांबूच्या टोपल्यांची उतरंड आणि भोवती वाफच वाफ. मामांनी टोपलीत डोकावून पाहिलं आणि ओरडले, "आरं, ही तर दिंडं!"

आमच्याकडं नागपंचमीला काही चिरत नाहीत, तवा ठेवत नाहीत. त्या दिवशी कणकेच्या पारीत पुरण भरून, घड्या घालून दिंडं उकडतात. ही दिंडं गोल होती आणि तोंडाशी चुण्या पाडलेल्या होत्या, एवढाच फरक. मामांनी आत काय आहे ते खुणेनं विचारलं. कोंबडी, असं कळल्यावर बोटांवर वार मोजला. गुरुवार नव्हता, सोमवारही नव्हता. त्यांनी मान हलवली.

म्हातारीनं एक टोपली आणून आमच्या दोघांमधल्या खोक्यावर ठेवली. एकच. सोबत आल्याचे काप घातलेला सिरका, त्याचीही वाटी एकच. कोण कुठला, कोणाचा कोण, हे तिनं विचारलं नाही. दोन गिऱ्हाइकं शेजारी बसली की एक टोपली, असा तिचा साधा हिशोब असावा. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिलो. आता मामांना पित्त होणार, हे मला माहीत होतं.

मामांनी एक दिंड उचललं आणि सरळ दातांखाली फोडलं. चटका देणारा रस्सा त्यांच्या हनुवटीवरून सदऱ्यावर गेला. जीभ भाजली तरी त्यांना आधी काळजी वाटली ती म्हातारीची. दिंडातून पाणी निघणं म्हणजे आमच्याकडं बाईची नाचक्की. पुरण सैल राहिलं की दिंड फुटतं आणि सासू चार बायकांत उणं काढते. मामांनी तिला हात वर करून धीर दिला आणि आपल्या निजामी हिंदीत समजावलं, "कुछ हरकत नहीं माई. पुरण जरा और आटाने का. सैल रह गया."

म्हातारीला त्यातला एक शब्द कळला नसावा. तिनं चमचा आणला, आमच्याच टोपलीतलं एक दिंड त्यात ठेवलं, कडेला बारीक भोक पाडलं, रस्सा फुर्र करून ओढला आणि उरलेलं सिरक्यात बुडवून खाऊन टाकलं. मग आमच्याकडं असं पाहिलं, जणू म्हणतेय, इतकं सोपं आहे.

मामा हसायला लागले. मग त्यांनी तसंच केलं. रस्सा ओढला, अर्धं खाल्लं, उरलेलं अर्धं सिरक्यात बुडवलं. मी एक उचललं आणि त्याच वाटीत बुडवलं. त्यांचा हात थांबतो का ते मी बघत होतो. थांबला नाही. त्यांनी पुन्हा त्याच वाटीत बुडवलं. दोन दिवसांच्या भुकेनं त्यांनी चार खाल्ली, मी तीन. मला आनंद झाला होता, इतका की चवीकडं माझं नीट लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याआधी उठून तयार होते. त्यांनी वारही मोजला नाही, टोपलीही एकच आली. चव मला त्या दिवशी कळली. पारी पापडासारखी पातळ, आत दाट आणि गोडसर रस्सा.

रस्सा आत कसा भरतात ते मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. मला लगेच कळलं. हाडांचा रस्सा थंडीत थिजतो, त्याच्या वड्या सारणात मिसळल्या की वाफेवर पुन्हा पातळ होतात. आमच्या घरी खुरांचा रस्सा हिवाळ्यात असाच थिजायचा. मी मामांना हे सांगितलं नाही. उगाच खुरांची आठवण काढून मला त्यांची भूक मारायची नव्हती.

परत आल्यावर कॅन्टीनच्या बाकावर मामांनी गोष्ट सांगितली. सांगायची हातोटी त्यांना उपजतच होती. सदरा, म्हातारी, आटवायचं पुरण, सगळं असं रंगवलं की लोक चहा प्यायचे विसरले. सांगता सांगता ते म्हणाले, "म्हातारीनं दोन टोपल्या आणल्या. एक याला, एक मला."

माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. मी चहा प्यायलो.

दोन हा आकडा आमच्या भागात जुना आहे. बहात्तरच्या दुष्काळात माझे वडील खडी फोडायला जायचे तिथं सगळे एकाच रांगेत बसून दगड फोडायचे, पाण्याचे रांजण मात्र दोन असायचे. मामांच्या दोन मुली लग्नाच्या होत्या. गावात भाऊबंद होते, कॅन्टीनच्या बाकावर त्यातलेच तिघं बसले होते. कारण मला कळत होतं. कारण कळलं म्हणून राग गेला नाही. त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, कलकत्ता कसं होतं. मी म्हणालो, बरं होतं, आणि विनाकारण तिच्यावर खेकसलो.

पुढची सहा वर्षं ती गोष्ट चालली. नवा इंजिनिअर आला की त्याला, ऑडिटर आले की त्यांना. म्हातारी कधी तरुण झाली, कोंबडीचं बकरं झालं, रस्सा सदऱ्यावरून धोतरापर्यंत पोचला. टोपल्या मात्र दोनच राहिल्या. "इचारा याला," असं ते शेवटी म्हणायचे, आणि मी मान डोलवायचो.

कारखान्याच्या कामानं मी मुंबई, पुणे, दिल्लीला जायचो तेव्हा ती दिंडं शोधायचो. हॉटेलांत चिनी म्हणून शेवया द्यायचे, लाल रंगाचं काहीतरी द्यायचे. दिल्लीत जाड पारीची मिळाली, आत कोरडं ठणठणीत सारण. अखेर मुंबईत माझगावच्या एका चिनी दंतवैद्यानं त्याच्या बहिणीच्या घराचा पत्ता दिला. ती रविवारी ओळखीच्यांसाठी करायची. पारी पातळ होती, रस्सा कढत होता, खरं सांगायचं तर कलकत्त्यापेक्षा चांगला होता. आठच्या आठ मीच खाल्ली. तिनं विचारलं, कशी झाली. मी म्हणालो, छान, आणि मला रडू येईल की काय असं वाटलं.

मामा निवृत्त झाले तेव्हा गोदामापुढं मंडप घातला होता. संचालक होते, दोन्ही जावई होते, येरमाळ्याहून जीप भरून पाहुणे आले होते. माझी बायकोही आली होती, बायकांच्या बाजूला बसली होती. शाल-नारळ झाला आणि लोकांनी आग्रह धरला, मामा, कलकत्ता! मामांनी माईक हातात घेतला. त्या दिवशी ते फार छान बोलले. म्हातारीपाशी आले, टोपल्यांपाशी आले. "दोन टोपल्या आणल्या. एक याला, एक मला. इचारा याला!"

सगळे माझ्याकडं वळले. का ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एकच होती, मामा. तुम्ही चार खाल्ली, म्या तीन."

मी बोलीवर आलो होतो, हे मलाच ऐकू आलं. थोरले जावई खाली बघू लागले. मामांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांना सगळं आठवत होतं, वाटीसकट, हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मग ते हसले आणि माईकमध्ये म्हणाले, "आता माझ्यासंगं यालाबी रिटायर करा. याला काय आठवत न्हाय."

माझं वय तेव्हा छत्तीस. मंडप खदखदून हसला. बायकांच्या बाजूला एकटी माझी बायको हसली नाही. मी मात्र हसलो, खाली बसलो आणि सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. मामांना मी केव्हाच माफ केलंय. त्या टाळ्यांचा राग अजून जात नाही.