पॉवर कमी करणारा सिद्राम

सिद्राम कुठेही वायफाय बसवायला गेला की आधी स्वतः बसायचा. मशीन खोक्यातून निघायच्या आधी, वायर मोजायच्या आधी, शिडी भिंतीला लागायच्या आधी तो विचारायचा, "तुमी बसता कुटं?" आणि समोरचा जिथे बोट दाखवील तिथे जाऊन खुशाल बसायचा. खुर्ची असो, झोपाळा असो, नाहीतर दुकानातलं उपडं घातलेलं पिंप असो. बसला की खिशातून फोन काढायचा आणि दोन मिनिटं कोणाशी काही बोलायचा नाही. घरमालकाला वाटायचं, कामाला आलाय की आरामाला?

मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात. मी तिथे एकोणीस वर्षं स्टोअरकीपर आहे. मालाची नोंद फोनवर बारकोड मारून करायची ठरली, म्हणून मालकांनी सगळ्या शेडमध्ये वायफाय घ्यायचं काढलं. छताकडे बोट दाखवत मालक म्हणाले, "इथं एक, तिथं एक आणि मधोमध एक. पॉवर फुल्ल ठेवायची." सिद्रामने मान डोलावली आणि तो सरळ घडी घालणाऱ्या बायकांमध्ये जाऊन मांडी घालून बसला. त्यांच्याशी मोडक्यातोडक्या तेलुगूत काहीतरी बोलला. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. तिथून उठून तो माझ्या खोलीत आला, मला उठवून माझ्या खुर्चीत बसला आणि पाठीमागच्या लोखंडी रॅककडे वळून बघत म्हणाला, "सायेब, टॉवेलच्या गठ्ठ्यातनं रेडिओची लहर जाती. लोखंडातनं जात न्हाय. तुमी पार लोखंडाच्या आड बसलाय की."

"एकोणीस वर्षं," मी म्हणालो.

"मग आता सवय झाली असंल."

त्याने छतावर एकच मशीन लावलं. दुसरं बायकांजवळच्या खांबावर, तिसरं माझ्या दारावर. तिन्हींची पॉवर त्याने खाली आणली. मालकांनी विचारलं, "फुल्ल आहे ना रे?" तो म्हणाला, "भागतंय तेवढी हाय." बारकोड मारताना नंतर कोणाचा फोन अडला नाही, म्हणून मालकांनीही पुन्हा विचारलं नाही.

सिद्राम मूळचा वळसंगचा. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान, रंगाने काळा, हसला की वरचा एक दात अर्धा. वायफायच्या आधी तो लग्नांना, जत्रांना लाऊडस्पीकर लावायचा. त्याचं सगळं शहाणपण त्या कर्ण्यांतून आलेलं होतं. "पंधरा वर्षं कर्णे लावले मी," तो सांगायचा. "लोकास्नी वाटतं आवाज वाढवला की ऐकू जातं. आवाज वाढवला की माणूस उठून लांब जातो, सायेब. कर्णा मोठा नसतो लावायचा, जवळ लावायचा."

पॉवर कमी का करतोस, असं कोणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं होतं. "मशीन लई मोठ्यांदा वरडतं, ते फोनला ऐकू येतं. पर फोनचा जीव केवढा! त्याचं मशीनला कुटं ऐकू येतंय? एकानं बोलायचं आणि दुसऱ्याचं ऐकायचंच न्हाय, ह्याला भाषण म्हणत्यात." त्याची आई अक्कलकोटकडची, त्यामुळे सेटिंग मनासारखं जमलं की तोंडातून कानडी निघायचं. एकेक पायरी पॉवर खाली आणत जायचा आणि योग्य जागी आला की म्हणायचा, "साकु." पुरे. तो शब्द तो इतक्या समाधानाने म्हणायचा की जणू पोटभर जेवून उठलाय.

गेल्या वर्षी तो मेव्हण्याबरोबर हुबळीला गेला. तिकडे त्याचं काम चांगलं चाललंय. सोलापूरला येतो तेव्हा कारखान्यात डोकावतो. पण मला त्याच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते कारखान्यामुळे नव्हे, आमच्या घरात त्याने घालवलेल्या दीड दिवसामुळे.

आमचं घर सात रस्ता चौकाच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. माझी बायको सुलभा लग्नाच्या वेळी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. ते तिथेच राहिलं. वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी तिने मुक्त शिक्षणात नाव घातलं आणि एकेक करत तीन वर्षांत सगळे पेपर काढले. राहिली होती फक्त शेवटची तोंडी परीक्षा. विषय समाजशास्त्र, प्रकल्प टॉवेल कारखान्यांतल्या घडी घालणाऱ्या बायकांवर. परीक्षा फोनवर व्हिडिओ लावून. नियम असा की संपर्क दोनदा तुटला तर गैरहजर, मग पुढची संधी वर्षाने. आठवडाभर आधी सराव परीक्षा झाली आणि त्यात तिचा फोन तीनदा तुटला. ती बाहेर आली, भाजीची पिशवी घेतली आणि म्हणाली, "मी यंदा बसत नाही परीक्षेला. पुढचं पुढे बघू." एकोणतीस वर्षांच्या संसारात मी तिचं 'पुढे बघू' बऱ्याचदा ऐकलंय. त्यातलं पुढे काही झालेलं मला आठवत नाही.

मला राग आला तो वायफायचा. कारण मी काही कमी केलं नव्हतं. एक मशीन हॉलमध्ये, एक बेडरूममध्ये, दोन्ही फुल्ल. घरातल्या चौदा जागांवर उभं राहून मी सिग्नलचे आकडे वहीत लिहिले होते. हे आकडे वजा असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. हॉलमध्ये माझ्या खुर्चीत वजा अडतीस होता. वजा अडतीस म्हणजे फार उत्तम. मी सिद्रामला घरी बोलावलं आणि वही काढून दाखवली.

त्याने वही आदराने पाहिली, मिटली आणि फोनवर मशीनची सेटिंग उघडली. "दोन्ही सा नंबरच्या चॅनलवर?"

"एकाच घरातली आहेत, म्हणून दोन्हींना सहा नंबरच दिला," मी म्हणालो.

"नवरा-बायको एका घरात ऱ्हात्यात म्हणून दोगं एकाच टायमाला बोलत्यात व्हय?"

स्वयंपाकघरातून सुलभाचा आवाज आला, "आमच्याकडे एकच जण बोलतं."

सिद्राम मोठ्याने हसला. मग विचारलं, "वैनी, तुमी अभ्यासाला बसता कुटं?"

"बेडरूममध्ये," मी सांगितलं. "टेबल घेतलंय तिला. दिवा पण लावून दिलाय."

"सायेब, मी वैनीस्नी विचारलं."

सुलभा बाजूला झाली. स्वयंपाकघरात पिठाचा डबा आणि खिडकी यांच्यामध्ये हातभर जागा आहे. तिथे एक पाट होता. पाटाशेजारी तिच्या वह्या, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या. पीठ लागू नये म्हणून. सिद्राम त्या पाटावर जाऊन बसला. फोन बघत राहिला. "वजा ब्याऐंशी," तो म्हणाला. "वैनी, तीन वर्षं हितं बसून लेक्चर ऐकलं तुमी?"

"मसाल्याच्या डब्यावर फोन उभा केला की बरं येतं," सुलभा म्हणाली.

माझ्या चौदा जागांत स्वयंपाकघर नव्हतं. तिथे कोणी बसत नाही, असं मी धरून चाललो होतो. मी सुलभाला विचारलं, टेबल असताना इथे का? ती म्हणाली, "अहो, तिथे बसलं की तुम्ही दर दहा मिनिटांनी येता आणि किती पानं झाली विचारता. इथे तुम्ही येत नाही." तिने हे अजिबात चिडून सांगितलं नाही. डाळीला मीठ घातलंय, हे जसं सांगते तसं सांगितलं.

सिद्राम तेवढ्यात शिडी आणायला खाली गेला. त्याला शिडीची गरज नव्हती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

वर येऊन त्याने बेडरूममधलं मशीन काढलं आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर लावलं. त्याला अकरा नंबरचं चॅनल दिलं, हॉलच्या मशीनला एक नंबरचं. मग हॉलची पॉवर खाली आणायला लागला. मी माझ्या खुर्चीत आकडा बघत होतो. अडतीसचे पंचेचाळीस झाले, मग पंचावन्न. मी म्हणालो, "अरे, बिघडवतोयस तू."

"टीव्ही दिसतोय न्हवं?"

"दिसतोय. पण आकडा..."

"आकडा बघतो व्हय टीव्ही? बघणार तुमी."

त्यानंतर त्याने सुलभाला व्हिडिओ फोन लावला आणि तिला घरभर चालायला लावलं. ती स्वयंपाकघरातून निघून हॉलमध्ये गेली तरी तिचा फोन स्वयंपाकघराच्याच मशीनला धरून राहिला. चित्र अडकलं. "फोन लई इमानदार असतो," सिद्राम म्हणाला. "पयल्याला सोडत न्हाय. त्याचा आवाज लांबून बी ऐकू येतोय म्हणून त्याला वाटतं, हाय की अजून." त्याने स्वयंपाकघराची पॉवर आणखी एक पायरी खाली आणली. पुन्हा चाल. परत एक पायरी. पुन्हा. चौथ्या फेरीला फोनने हॉलच्या दारात जुनं मशीन सोडलं, नवं धरलं आणि चित्र हललंसुद्धा नाही. पाटावर आकडा वजा पन्नास. "साकु," सिद्राम म्हणाला. सुलभाला म्हणाला, "आता तुमी कुटं बी जावा वैनी. मशीन तुमच्या मागनं येतंय. परीक्षेला बसा."

सुलभाने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. "बघते," म्हणाली. 'पुढे' हा शब्द त्यात नव्हता.

परीक्षेच्या दिवशी अकरा वाजायच्या जरा आधी सिद्राम न बोलावता आला. "हिकडनं चाललो व्हतो," म्हणाला. मी घड्याळ घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहायच्या बेतात होतो. त्याने माझा दंड धरून मला बाहेर जिन्यात आणलं आणि दार ओढून घेतलं. "तुमाला बघूनच वैनी चुकतील." आम्ही दोघे पायरीवर बसलो. त्याच्या फोनवर आमच्या मशीनना जोडलेल्या फोनची यादी उघडी होती. त्यात एक ओळ, सुलभाचा फोन, स्वयंपाकघर, वजा पन्नास. आतून तिचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण चाल सावकाश होती.

दहा-बारा मिनिटं गेली असतील आणि मागच्या बांधकामावर फरशी कापायचं यंत्र सुरू झालं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी त्याच बाजूला. आवाज असा की जिन्यात दात शिवशिवले. फोनवरचा आकडा पन्नासवरून एकसष्ट झाला. मग अडुसष्ट.

"ती उठली," मी म्हणालो. "तुटणार आता. जाऊ का आत?"

"कुटं जाता? बसा."

"त्र्याहत्तर झाले!"

"सायेब, आकड्याकडं बघू नगा. ऐका."

मी ऐकलं. दारापलीकडे ती बोलत होती. आवाज स्वयंपाकघरातून पॅसेजमध्ये आला, पॅसेजमधून हॉलमध्ये, आणि एका वाक्याच्या मधेच ओळीवरचं नाव बदललं. स्वयंपाकघर जाऊन हॉल आलं. वाक्य तिने पुरं केलं. माझी खुर्ची करकरली, म्हणजे ती तिथे बसली होती. सिद्रामने माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि यादी बंद करून टाकली. पुढची पंधरा मिनिटं आम्ही नुसते तिचा आवाज ऐकत बसलो. बोलता बोलता ती एकदा हसली. परीक्षेत कोणी हसतं हे मला माहीत नव्हतं.

दार उघडलं तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. आम्ही दोघे उठलो. सिद्रामने हात जोडले. "झालं वैनी?"

"झालं," सुलभा म्हणाली. "चहा टाकते."

"चहा ऱ्हाऊ द्या. विजापूर रोडवर एक जण वाट बघतोय."

मी विचारलं, "काय काय विचारलं?"

मी हे विचारलं याची तिला खात्री पटेना, असं वाटलं. मग दाराच्या चौकटीला टेकून सांगायला लागली. परीक्षकबाईंनी आधी विचारलं, घडी घालणारी बाई दिवसभर उभी असते की बसलेली. त्यावर तिने काय सांगितलं, त्यावर त्या काय म्हणाल्या, मग तिने कोणाचं नाव घेऊन उदाहरण दिलं. ती बाई माझ्या खोलीपासून वीस पावलांवर काम करते. मला तिचं नाव माहीत नव्हतं.

सिद्रामने माझ्याकडे बघून हाताने नुसतं 'बसा' असं केलं. मी परत पायरीवर बसलो. तो हेल्मेट उचलून जिना उतरून गेला, खाली त्याची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, तरी सुलभा अजून दुसऱ्याच प्रश्नावर होती. एकूण प्रश्न अकरा होते.