चर्चच्या कार्डावरची नावाची ओळ

सीमेजवळच्या इचोड्यात माझं छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, फ्लेक्स, पावतीपुस्तकं, येईल ते काम. गुडीहत्नूरच्या रस्त्यावर एक लहानसं चर्च आहे. तिथले पास्टर एकदा आले आणि म्हणाले, नवीन येणाऱ्यांसाठी कार्डं करून द्या. माणूस पहिल्यांदा आला की हातात द्यायचं, त्यानं भरून पेटीत टाकायचं. मजकूर त्यांनीच आणला होता: नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, मंडल (म्हणजे आमच्याकडचा तालुका), फोन, घरी कधी यावं, आणि तळाला प्रार्थनेसाठी एक ओळ. आमच्याकडे कुठलाही कागद असाच सुरू होतो. बापाचं नाव न विचारणारा कागद लोकांना अर्धवट वाटतो. मी पुढून तेलुगू, मागून मराठी लावलं, कडेनं द्राक्षांचा वेल काढला. कार्ड देखणं झालं होतं, उगाच खोटं कशाला बोलू!

थोड्या दिवसांनी पास्टर तोंड पाडून आले. कार्डं कोरीच परत येतात, आणि एकदा आलेला माणूस पुन्हा फिरकत नाही. अक्षर बारीक आहे, असं त्यांचं निदान. मी अक्षर मोठं करून दिलं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मग एका बाजाराच्या दिवशी माझी आत्या दुकानात आली. ती विधवा आहे, जवळच्याच गावात वांगी-मिरच्या पिकवते. तिचा एकुलता एक मुलगा भांडून घर सोडून गेला, तेव्हापासून त्याचा फोन नाही. तिनं कमरेच्या पिशवीतून घडी घातलेलं कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

“हे तुयंच काम हाय ना?”

मी थक्क झालो. आत्या रोज तुळशीपुढे दिवा लावणारी. “तू कशाला गेली होतीस तिथं?”

“तिथं समदे डोये मिटून मोठ्यानं बोलतेत. मी रडली तं कोणी पाहत नाई. घरी रडली का शेजारीण इचारते, काऊन रडून राह्यली. काय सांगू तिले?” मग म्हणाली, “आता नाई जात. हे भरून दे म्हणतेत. गाव लिवलं का पास्टरची फटफटी दारात येते. साऱ्या गावाले दिसते. दीर बोलते मंग.”

पास्टर भल्या मनाचे. कार्ड मिळालं की त्याच आठवड्यात बिस्किटांचा पुडा घेऊन माणसाच्या घरी जायचं, ही त्यांची पद्धत. त्यांना वाटे, ही माया आहे. पण खेड्यात पास्टरची मोटरसायकल दारात उभी राहिली की संध्याकाळपर्यंत पारावर तोच विषय. मला आधी आत्याचा राग आला, मग पास्टरांचा. ती गेल्यावर मात्र तिचं कार्ड समोर घेऊन बसलो. रडायला एक जागा सापडली होती बिचारीला, तीही गेली.

मी कुणी न सांगता नवं कार्ड केलं. वेल काढून टाकला, नाव-गाव-फोन काढून टाकलं. एकच प्रश्न ठेवला: कोणासाठी प्रार्थना करायची? खाली दोन कोऱ्या ओळी. तळाला लिहिलं: तुमच्या घरी कोणी येणार नाही. भेटायचं असेल तर आम्हाला सांगा.

पास्टर भडकले. “नाम नहीं, नंबर नहीं, तो मैं जाऊँ किधर?”

“जाऊच नका, पास्टरगारू. त्यांना येऊ द्या.”

त्यांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. शेवटी म्हणाले, चार रविवार बघू.

पहिलं कार्ड मी आत्याला दिलं. तिला लिहिता येत नाही. गल्ल्याशेजारच्या स्टुलावर बसून ती सांगत गेली, मी लिहीत गेलो.

“फोन नाई केला तरी चालते. कुठंबी असो, दोन टाइम जेवून राहो.” मग म्हणाली, “आन खाली लिव, त्याची माय.”

“आत्या, नाव-गाव नको म्हणून तर एवढा खटाटोप केला मी!”

“नाव कुठं सांगून राह्यली मी? पण देवाले कळाले पायजे ना, कोण मांगून राह्यलं थे.”

दोन्ही ओळी भरल्या होत्या. मी अगदी काठाला, बारीक अक्षरात लिहिलं: त्याची माय.