आखाड्यावरची अँटेना

“सिग्नल कमी न्हाई गं, भलतीकडं जाऊन राहिला,” असं म्हणत बाई कुणाच्याही घरात शिरल्या की आधी भिंतीवर तळहात ठेवायच्या. मग बोटाच्या पेरानं ठोकायच्या आणि मान तिरकी करून ऐकायच्या. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल, ज्यांना गळका नळ किंवा बंद घड्याळ दिसलं की राहवत नाही. नांदेडच्या आमच्या गल्लीत या बाई होत्या, आणि त्यांना राहवत नव्हतं ते वायफायच्या बाबतीत.

बाई भूगोलाच्या शिक्षिका. सगळी नोकरी किनवटकडच्या शाळांत झाली. निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या घरात येऊन राहिल्या, एकट्याच. मी घरातून गणिताचे ऑनलाइन तास घेते. आतल्या खोलीत बसले की माझा आवाज मुलांना तुटक तुटक जायचा. एक दिवस माझं “ऐकू येतंय का? ऐकू येतंय का?” खिडकीतून ऐकून बाई कापडी पिशवी घेऊन आल्या.

त्यांनी वायफायचा डबा लोखंडी कपाटामागून काढून दाराजवळ उंचावर ठेवायला लावला. त्याच्या बोटभर अँटेना फिरवून काढल्या आणि पिशवीतल्या लांब अँटेना बसवल्या.

“उभ्या ठेव. उभी अँटेना आजूबाजूला देती. माडीवर पायजे असेल तर एक आडवी कर.”

“या जास्त ताकदीच्या आहेत का?”

“ताकद डब्याची तेवढीच. पाणी तेवढंच हाय, आपण पाटाचा दंड वळवून राहिलो. जिथं रोप न्हाई तिथं कशाला सोडायचं?”

त्या दिवसापासून माझा वर्ग सुरळीत चालला. पण एका शिक्षिकेनं उतारवयात हे सगळं कशासाठी शिकून घेतलं असेल, हा प्रश्न मनात राहिला. उत्तर मिळालं ते त्यांच्या थोरल्या बहिणीमुळे. बाई त्यांना अक्का म्हणायच्या.

अक्का जन्मापासून ऐकू न येणाऱ्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. लोह्याजवळच्या त्यांच्या गावात त्यांना शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून या दोघी बहिणींनी लहानपणी स्वतःच हातांची एक भाषा बनवली. घरातल्या इतरांना त्यातलं ‘जेव’, ‘ये’, ‘पाणी’ इतकंच कळायचं. थट्टा, चुगली, रुसवा, देवाबद्दलच्या शंका, हे सगळं मात्र फक्त दोघींचं. जगात दोनच माणसं बोलत होती अशी ती भाषा. मला हे कळलं तेव्हा मी हातातलं काम ठेवून बाईंकडं नुसती बघत राहिले.

“त्यात काय एवढं?” बाई म्हणाल्या. “तिला बोलायचं व्हतं, मला ऐकायचं व्हतं.”

अक्का भावाच्या घरी गावात न राहता आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरात राहायच्या. गाईगुरांपाशी त्यांना बरं वाटायचं. बाईंचे गुडघे गेल्यापासून बसनं गावी जाणं सणावारापुरतं उरलं. फोनवर बोलणं अक्कांच्या काय कामाचं? त्यांना चित्र हवं. पण आखाडा पडला खोलगट जागी. मोबाइलवर अक्का दिसायच्या आणि लगेच गोठायच्या. आपल्या बोलण्यात एखादा शब्द गळला तर अंदाजानं भागतं. त्यांचा हात अर्ध्यात थांबला की वाक्यच गेलं.

गावातल्या घरी भाच्यानं वायफाय घेतलं, तेव्हा बाईंनी ठरवलं की तेच आखाड्यापर्यंत न्यायचं. आधी त्यांनी तिथल्या डब्याला लांब अँटेना लावून पाहिल्या. गावातल्या घरात सिग्नल सुधारला, शेजारच्या घरापर्यंत पोचला, आखाड्यावर काहीच नाही. बाई परत आल्या. मग काही आठवडे त्यांच्या ओट्यावर ताटलीसारख्या अँटेनांची चित्रं आणि गावाच्या शिवाराचा त्यांनी स्वतः काढलेला नकाशा पसरलेला असायचा.

“चौफेर न्हाई गं, एकीकडंच पायजे,” त्या म्हणाल्या. “घरावरची ताटली आखाड्याकडं बघंल, आखाड्यावरची घराकडं. मधी काय येता कामा नये.”

पण मध्ये कडुलिंबाचं मोठं झाड होतं. भाचा म्हणाला, “आत्या, फांद्या छाटून टाकतो.”

“अक्काचा झोपाळा व्हता त्या झाडाला. हात लावायचा न्हाई.”

त्या दिवशी मी त्यांच्यासोबत गावी गेले होते. बाईंनी आखाड्यावर जाऊन अक्कांना हातांनी काहीतरी समजावलं आणि त्यांच्या हातात एक आरसा दिला. परत येऊन, गुडघे धरत धरत, त्या घराच्या गच्चीवर चढल्या. दुपारचं लख्ख ऊन होतं. बाई गच्चीच्या एका कोपऱ्यात उभ्या राहिल्या. समोर नुसता लिंब. थोड्या सरकल्या. परत लिंब. कठड्याला धरून अगदी पूर्वेच्या टोकाला गेल्या, आणि दूर तुरीच्या हिरव्या रानात एकदम एक ठिणगी चमकली. विझली. पुन्हा चमकली.

“दिसली!” बाई ओरडल्या. “मला अक्का दिसली! हितंच पाइप उभा कर!”

जिथून उजेड पोचतो तिथून सिग्नलही पोचेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. भाच्यानं तिथं पाइप रोवला, ताटली बसवली. दुसरी आखाड्याच्या पत्र्यावर चढवली, तिला सोलरची वीज दिली. वाऱ्यानं पाइप हलला की जोडणी तुटायची, म्हणून तारांनी तीन बाजूंनी ताणून बांधला. ते सगळं होईपर्यंत अक्का आरसा हातात धरून उन्हात तशाच उभ्या होत्या. कुणी त्यांना ‘आता पुरे’ असं सांगितलंच नव्हतं.

नांदेडला परतल्यावर बाईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर तांब्याला टेकवून फोन उभा केला होता. पडद्यावर अक्का आल्या. मागे गाय, गाईमागे दोरीवरची लुगडी. अक्कांनी हात उचलला आणि तो हात कुठंही न अडखळता खाली आला.

मग त्या दोघी बोलल्या. काय सांगू तुम्हाला! खोलीत बांगड्यांची किणकिण तेवढी होती. बोटं उघडत होती, मिटत होती, छातीवरून कपाळावर, कपाळावरून हवेत जात होती. एकीचं संपायच्या आत दुसरीचं सुरू. हसणं, रागावणं, पुन्हा हसणं. मैलभर रान ओलांडून एक अख्खी भाषा येत होती आणि तिच्यातली एक बोटाची हालचालही वाटेत सांडत नव्हती. मी आयुष्यात देवळात गेले, मोठे समुद्र पाहिले. अंगावर असा काटा कधी आला नव्हता.

“काय म्हणाल्या अक्का?” मी शेवटी विचारलं.

बाई पदरानं डोळे पुसत हसल्या. “म्हणती, लई म्हातारी झालीस. आन दात कुठं गेला तुझा?”

त्यानंतर रोज दुपारी हे चालायचं. कितीदा तरी मी जाऊन नुसती बसायचे. बाई मधूनच मला एखादी खूण शिकवायच्या, पाऊस, वासरू, कंटाळा. मी चुकले की अक्का पलीकडून कपाळाला हात लावायच्या.

गेल्या हिवाळ्यात बाई गेल्या. ताप आला, छातीत भरलं, दवाखान्यात नेलं, आणि आठवडाभरात सगळं संपलं. भाचा अक्कांना घेऊन आला. अक्का रडल्या नाहीत. बाईंच्या उशाशी उभ्या राहिल्या आणि हातांनी बोलू लागल्या. सावकाश, स्पष्ट, खूप वेळ. माणसं खोळंबली होती, पण कुणी त्यांना थांबवलं नाही. त्या काय बोलल्या ते समजणारं माणूस समोर निजलेलं होतं.

पुढे काही दिवसांनी, दुपारचा वर्ग संपवून उठत होते, तर माझ्या फोनवर आखाड्यावरून कॉल आला. अक्का होत्या. मी घाबरून मला येत होत्या त्या दोन-चार खुणा केल्या. पाऊस? वासरू? त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग स्वतःच्या मोकळ्या नाकावर बोट ठेवून ते वर सरकवलं आणि माझ्याकडं दाखवलं. मला समजेना. पुन्हा तेच. शेवटी भाचा पडद्यात डोकावला.

“काकू, चष्मा वर ढकलता ना तुमी सारखं. ते तुमचं नाव ठिवलंय अक्काआत्यानं. तुमाला फोन लावायला सांगताना मला हेच करून दाखवती.”

अक्का वाट बघत होत्या. मी बोट नाकावर ठेवलं, वर सरकवलं, आणि माझं नाव पहिल्यांदा घेतलं.