पूर्वेस गिरणी, पश्चिमेस गोदाम

आमचे मालक किशनराव लोकांच्या दारावर कागद चिकटवतात. नगरपरिषदेत शिपाई. सत्तावीस वर्षं झाली, हेच काम. कुणाचा ओटा रस्त्यावर आला, कुणी नाली बुजवली, की साहेबाची नोटीस निघते आन् हे सायकल काढतात. गावाचं नाव मी सांगत न्हाई. हिंगोलीहून एसटीनं तासभर लागतो, एवढंच समजा. त्यांच्या नोकरीची अजून तीन वर्षं हायेत.

माणूस साधा, पण कामात लई हेकट. बाजारातला डिंक चालत न्हाई. खळ मीच शिजवते, माझ्याच गिरणीतल्या गव्हाच्या पिठाची, चिमूटभर मोरचूद टाकून, म्हणजे कागदाला कीड लागत न्हाई. कागद चिकटवला की तिथंच उकिडवं बसून पंचनामा लिहायचा. दोन पंच शेजारचे. मग चतुःसीमा, म्हणजे त्या जागेच्या पूर्वेस काय, पश्चिमेस काय, दक्षिणेस, उत्तरेस. दुसरे शिपाई हे सगळं हापिसात चहा पीत लिहितात. हे चारी बाजूला स्वतः चालत जातात, डोळ्यानं बघतात, मगच लिहितात. मी म्हणायची, "जागा काय पळून चालली का?" तर म्हणायचे, "जागा न्हाई पळत द्वारके, पण तिथं काय हाय ते बदलतं."

दोन वर्षांखाली आमच्या गिरणीला लागून असलेलं घर भाड्यानं गेलं. पाटी लागली, 'आपलं अंगण'. खाली बारीक अक्षरात, तृतीयपंथी व समलिंगी व्यक्तींचं मदत केंद्र. पहिला शब्द मला ठाऊक व्हता, दुसरा मालकांना विचारला. ते म्हणले, "पोराला पोरगा आवडतो, पोरीला पोरगी, तसं." मी म्हणलं, मग त्याला हापिस काहून लागतं?

ते केंद्र मिना चालवते. आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावाकडल्या एका तांड्यावरची. घरच्यांनी पोरगा म्हून वाढवली, पण ती म्हणते, मी बाईच हाय. उंच हाय, आवाज भारी, साडी माझ्यापेक्षा नीट नेसते. जवारी घेऊन आली की म्हणायची, "काकू, जरा जाडसर." आता खरं सांगते, लपवून काय करू. माझ्या गिरणीत नंबरानं दळायचा नेम हाय. ज्याचा डबा आधी, त्याचं पीठ आधी. पण पहिले दोन महिने मी मिनाचा डबा बाजूला सारून शेवटी दळायची. एक दिवस ती म्हणली, "काकू, माझा नंबर तिसरा व्हता." भांडली न्हाई, नुसतं म्हणली. मला शरम वाटली. तवापासून तिचंबी नंबरानंच दळते, पण आधी तसं काहून केलं, ते माझं मलाच अजून समजलं न्हाई.

मंगळवारी आन् शनिवारी तिथं लोकं यायची. कुणी वसमतहून, कुणी जीपनं सेनगावहून. ओळखपत्राचे फॉर्म भरायची, दवाखान्याचं विचारायची, पण जास्त करून नुसती बसायची. एक शाळामास्तर यायचे, झुबकेदार मिशांचे. आत दोन घंटे त्यांचं हसणं आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. बाहेर निघताना मात्र खाली मान, तोंडाला रुमाल, पटकन मोटारसायकलवर. मी मिनाला विचारलं, हे असं काहून? ती म्हणली, "काकू, अख्ख्या जिल्ह्यात त्यांना खरं बोलायला ही एकच खोली हाय."

आन् त्याच खोलीवर यंदा नोटीस निघाली. पलीकडच्या व्यंकटरावांनी अर्ज दिला व्हता, की तसल्या लोकांमुळं गल्लीला तकलीफ व्हते. नोटिशीत तसलं काही नव्हतं. तिच्यात लिहिलं व्हतं, रहिवासी भागात बिगर-रहिवासी वापर, सात दिवसांत बंद करा, न्हाईतर सील. म्हणजे काय, तर हापिसाच्या नकाशात आमची गल्ली पिवळ्या रंगाची हाय, आन् पिवळं म्हणजे फक्त राहण्याचं. मला हसावं का रडावं कळंना. व्यंकटरावांच्या गोदामातून इतकी हळद उडते, की आमची गल्ली बिननकाशाचीच पिवळी हाय.

त्या दिवशी खळ मीच शिजवून दिली. कुणाच्या दारासाठी, हे मी कधी विचारत न्हाई. त्या दिवशी विचारायला पाहिजे व्हतं.

दुपारी जेवताना ह्यांनी पंचनामा वाचून दाखवला. पूर्वेस द्वारकाबाई किशनराव यांची पिठाची गिरणी, चालू. पश्चिमेस व्यंकटराव यांचं हळदीचं गोदाम, चालू. दक्षिणेस ट्यूशन क्लास, चालू. उत्तरेस मंगल कार्यालय, चालू. खाली पंच म्हून खुद्द व्यंकटरावांची सही. न वाचताच ठोकली व्हती.

माझा घास हातातच राहिला. मी म्हणलं, "आवं, सगळे लिहितात अमक्याचं घर, तमक्याचं घर. स्वतःच्या बायकोची गिरणी लिहायला तुमचा हात कसा धजला?"

"तिथं गिरणीच हाय," हे म्हणले. "मग काय तुळस लिहू?"

मिनानं त्या पंचनाम्याची नक्कल काढली आन् हिंगोलीला अपील केलं. तिचं म्हणणं एवढंच, की चारी बाजूला धंदे चालू असल्याचं तुमचाच कागद सांगून राहिला, मग नियम माझ्याच दाराला काहून? सुनावणीची तारीख पडली, तोवर सील लांबलं.

मग साहेबांनी ह्यांना बोलावलं. रागावले न्हाईत म्हणे, चहा दिला. "किशनराव, पंचनामा नवा लिहा. चारी बाजूला घरं दाखवा, जुना चुकून झाला म्हणा. न्हाईतर तुमच्या गिरणीलाबी नोटीस काढावी लागंल."

हे भर दुपारी घरी आले आन् पिठाच्या पोत्यावर बसले. "सत्तावीस वर्षं बराबर लिहिलं तर कुणी विचारलं न्हाई," म्हणले. "आता बराबर लिहिलं तेच चुकलं म्हणतात. तू सांग द्वारके, काय करू?"

नियम खोटा म्हणावं, तर कागदावर खराच हाय. खरा म्हणावं, तर मिनाच्या आधी माझी गिरणी बंद करायला पाहिजे, ती तर वीस वर्षांपासून चालू हाय. ह्यांनी चार घरं लिहिली, तर गिरणी वाचते आन् मिनाची खोली जाते. न्हाई लिहिली, तर माझी गिरणी जाते. मला तिची दया येऊन राहिली व्हती आन् तिचा रागबी. ह्यांचा तर त्याहून जास्त. मी पुढचा डबा ओढला. पट्टा चढवला आन् दळत बसले.

ह्यांनी नवा पंचनामा लिहिला न्हाई.

पाच दिवसांनी नोटीस निघाली. गोदामाला न्हाई, क्लासला न्हाई, मंगल कार्यालयाला न्हाई. फक्त माझ्या गिरणीला. वॉर्ड ह्यांचा, म्हून घेऊन आलेबी हेच. दारात उभे राहून म्हणले, "खळ हाय का?"

मी शिजवून दिली. शिजवताना रडू आलं. आपल्याच पिठाची खळ आपल्याच दाराला, असं कुणी ऐकलंय का कधी? ह्यांनी कागद चिकटवला, चारी कोपरे हातानं दाबले आन् रीतीप्रमाणं मला वाचून दाखवला. द्वारकाबाई किशनराव, हजर.

आता पंच पाहिजेत. ट्यूशनच्या सरांनी दार लावून घेतलं. कार्यालयाचा मॅनेजर कामात हाय म्हणला. व्यंकटरावांचं शटर तर आम्हाला बघून खाली आलं. तवा मिना बाहेर आली. "काका, मी करते सही." एक झाला. हे दुसऱ्याची वाट बघत उकिडवे बसून राहिले.

मिनाच्या मागून ते मिशांचे मास्तर आले. शनिवार व्हता. तोंडाचा रुमाल त्यांनी खिशात घातला. ह्यांनी विचारलं, "पूर्ण नाव, पत्ता लिहावं लागतं बरं का, गुरुजी. कागद हापिसात जाईल." मास्तरांनी एकदा गल्लीकडं बघितलं. दाराआडून, खिडकीतून लोकं बघतच व्हती. मग त्यांनी आमच्या ओट्यावर कागद ठेवला आन् नाव, गाव, शाळा सगळं लिहिलं. अक्षर मास्तराचं, स्वच्छ.

चतुःसीमेला हे उठले आन् नेहमीसारखे चालत गेले. पश्चिमेला मिनाचं केंद्र. मिना म्हणली, "काका, परवा सुनावणी हाय. परवा काय व्हईल, मला ठाऊक न्हाई."

हे म्हणले, "परवाचं मी लिहीत न्हाई." उंबऱ्यापाशी थांबून आत बघितलं. पाच-सहा जण बसले व्हते, गॅसवर चहा व्हता. वापस येऊन लिहिलं, पश्चिमेस 'आपलं अंगण', चालू.

माझे सात दिवस अजून बाकी व्हते. कोण बराबर, कोण चूक, ते मला तवाबी उमगलं नव्हतं. मी पट्टा चढवला. रांगेत पाच डबे व्हते, तिसरा मिनाचा. दोन दळले, आन् मग तिचा घेतला.