दुसऱ्या सकाळचा पाहुणा

दहा जानेवारी. अवरेकाईच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. या दिवसांत बेंगळुरात हे काम कुणाला चुकत नाही. आधी शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून पुन्हा सोलायचा. तेवढ्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. "मावशी, बाबा एकटे राहू शकतील का, तू बघून सांग. तू म्हणशील तसं करू." त्याचे बाबा म्हणजे माझ्या थोरल्या मावसबहिणीचे, अक्काचे, यजमान, आमचे भाऊजी. अक्का गेल्यापासून ते इथल्याच चामराजपेटच्या घरात एकटेच आहेत आणि तिथून हलायचं नाव काढत नाहीत.

भाऊजींइतका वाईट पाहुणा उभ्या कर्नाटकात झाला नसेल. माणूस भेटला की आपण 'कसे आहात?' असं विचारतो, भाऊजी विचारतात, "काल रात्री काय जेवलात?" त्यांची नोकरीच तशी होती. खेड्यातल्या शेतकरी कुटुंबांना संस्था बियाणं, शेवग्याची रोपं, कोंबड्या देतात. त्यामुळे घरातली बायका-मुलं खरंच नीट जेवू लागली का, हे पाहून भाऊजी अहवाल लिहायचे. नोकरी संपली, प्रश्न संपला नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी विहीणबाईंना गाठलं. त्या फणकारल्या, "का हो, आमच्याकडे चूल पेटत नाही असं ऐकलंत का?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "तसं नाही हो. पण भाजी कुठली होती?" त्या काय सांगतात याला त्यांच्या लेखी फारशी किंमत नव्हतीच. लोक सांगतात त्यावर त्यांचा विश्वास नाही. त्यांचा विश्वास केराच्या टोपलीवर आणि पातेल्यांवर. कुणाच्याही स्वयंपाकघरात शिरून झाकणं उचलतात. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे दुसरी सकाळ. "पहिला दिवस पाहुण्याचा," ते म्हणतात, "घर दिसतं ते दुसऱ्या सकाळी, न सांगता गेलं की." गौरीच्या जेवणाला बोलवावं, तर दुसऱ्या दिवशी चहा उकळायच्या आत दारात हजर. "स्वल्प चहा दे. आज काय आहे?" आमचे हे खिडकीतूनच ओरडायचे, "अगं, भाऊजी आले, कालचा भात लपव!"

बरं, गौरीच्या पानावर तरी जेवावं? नाही. केळीचं पान मांडलेलं असताना हा गृहस्थ पिशवीतून डबा काढून कोरडी चपाती आणि शेंगदाण्याची चटणी खाणार. मी चिडले तेव्हा अक्काने एकदाच कारण सांगितलं. होसकोट्याच्या पुढच्या एका गावात घरोघरी कोंबड्या दिल्या होत्या, मुलांना अंडी मिळावीत म्हणून. पहिल्या दिवशी भाऊजींना प्रत्येक घरी अंडं वाढलं गेलं. दुसऱ्या सकाळी ते न सांगता गेले, तर मुलांच्या ताटात मुद्दे, म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा, आणि पाणचट सारू. अंडी टोपलीतून दुकानात चालली होती. भाऊजींनी पाहिलं तसं लिहिलं. योजना बंद झाली, कोंबड्या येईनाशा झाल्या. पुढे त्या वाटेने जाताना ते पुन्हा त्या गावात थांबले, तेव्हा एक बाई म्हणाली, "अण्णा, तुम्ही खोटं लिहिलं नाही. पण पाहुण्याला वाढायला तरी आमच्याकडे अंडं होतं. तेही गेलं." त्यानंतर भाऊजी कुणाच्या घरी जेवले नाहीत.

त्या दुपारी फोन करून मी उसळ घेऊन गेले. घर झाडलेलं, भाऊजींचा सदरा इस्त्रीचा. त्यांनी गरम भात आणि हुळी, म्हणजे इथलं सांबार, वाढलं. "माझं मघाशीच झालं," म्हणाले. "त्याला सांग, मी मजेत आहे. अक्काचं घर सोडून कुठे जाऊ?" मी पोटभर जेवले. परत येताना बसमध्ये भाच्याला फोन लावायला घेतला आणि पान आठवलं. भाताशेजारी उकडलेल्या अंड्याच्या दोन फोडी होत्या. दोन्ही माझ्याच पानात. फोन पर्समध्ये ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडता उजाडता मी त्यांच्या दारात उभी राहिले, सोललेल्या दाण्यांचा डबा घेऊन. दार उघडलं, पण भाऊजी दारातून बाजूला होईनात. कालचाच सदरा अंगावर, चुरगळलेला.

"दुसरी सकाळ," ते म्हणाले.

"हो. सरका."

गॅसच्या शेगडीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा होता. भाताच्या आणि हुळीच्या पातेल्यांवर समोरच्या खानावळीचं नाव होतं. केराच्या टोपलीत एका अंड्याची टरफलं आणि खाली नुसते बिस्किटांचे कागद. मी झाकणं उचलत होते आणि ते मागे हात बांधून उभे होते, अगदी ज्यांच्या घरी ते जात असत त्या माणसांसारखे.

"खरं तेच सांग त्याला," ते म्हणाले. "मीही खरं तेच लिहायचो." आणि मग, "पुढे काय होतं, तेही तुला ठाऊक आहे."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला. म्हटलं, "चूल पेटत नाही. बिस्किटांवर आहेत. येऊन घेऊन जा." ते खिडकीकडे बघत राहिले. मी पुढे म्हटलं, "आणि नीट ऐक. त्यांचं पान वेगळं मांडू नका. तुम्ही बसाल तेव्हाच बसवा, तुमच्यातलंच वाढा. पाहुणा केलात तर ते जेवणार नाहीत." भाऊजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या अहवालात पुढे काय करावं हे लिहायला कुणी जागा ठेवली नसावी.

मग गठ्ठा उचलून खाली ठेवला, गॅस पेटवला आणि अवरेकाळू, म्हणजे ते सोललेले दाणे, घालून उप्पीट केलं. दोन ताटल्या एकदमच भरल्या. भाऊजी आपलीही ताटली माझ्यापुढे सरकवू लागले.

"ही तुमची," मी म्हटलं आणि माझ्या ताटलीतला पहिला घास घेतला. तेव्हा त्यांनी चमचा उचलला.