बेंबी सरकली नव्हती

ये गं, जवळ ये, आधी कान धरू दे तुझा. दोन महिने उजव्या बाजूला ओटीपोटात दुखतंय आणि मावशीला आज सांगतेस? तेही काय, तर "दिवाळीत येते तेव्हा बेंबी बसवून द्या." नाही देणार. का, ते फोनवर तू पुरतं बोलू देत नाहीस, म्हणून लिहून काढते.

पिंपळनेरला आमच्या गल्लीतल्या बायका पोट दुखलं की माझ्याकडे येतात. सरकलेली बेंबी बसवायला सासूने शिकवलेलं. सकाळी उपाशीपोटी उताणं निजवायचं, बेंबीवर छोटा दिवा ठेवून वर तांब्या उपडा घालायचा. दिवा विझला की तांब्या कातडी ओढून धरतो. मग कोमट तेलाने चोळायचं. बऱ्याच जणींना बरं वाटायचं. अर्धा तास आडवं व्हायला मिळालं म्हणूनही वाटत असेल.

मागच्या वर्षी माझी धाकटी जाऊ आली. चाळीस-बेचाळीसची बाई. "अक्का, बेंबी सरकनी वाटस. पोट फुगेल शे."

मी तिचं फुगलेलं पोट चोळलं. आठवड्याने परत आली. दोन घास खाल्ले की पोट गच्च. सारखं लघवीला जावं लागे. पाळी लांबली, आली ती खूप आली. हे सगळं तिने मला एकदम नाही सांगितलं, आज एक, उद्या एक. मीही सुटं सुटंच ऐकलं. पोट गच्च तर ओवा खा, लघवीला होतं तर थंडी आहे, पाळी तर काय, वय झालं. चार गोष्टी एकाच पोटातल्या आहेत हे डोक्यात आलं नाही.

तिसऱ्या खेपेला चोळताना उजवीकडे खाली बोटांखालून मोसंबीएवढं काहीतरी सटकलं. ती ओरडली. गॅसचा गोळा असा सरकत नाही, एवढं इतक्या वर्षांत मला कळतं. पण तोंडाने मी म्हटलं, "गॅस शे." रात्रभर माझा मलाच राग आला. सकाळी तिला घेऊन धुळ्याची एसटी धरली.

सोनोग्राफीला लघवी साठलेली लागते. ही बाई प्रवासात अडचण नको म्हणून घोटभर पाणी न पिता आलेली. मग तिथे बसून दोन बाटल्या संपवल्या. तासाभराने म्हणते, "अक्का, आता बोलू नका. हसले तर इथंच होईल."

डॉक्टरीणबाईंनी पडदा बघत विचारलं, "पोट चोळून घेतलंत का?"

जाऊ माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाही."

"मी चोळलं," मी म्हटलं. "तीनदा."

त्या रागावल्या नाहीत, तेच जड गेलं. म्हणाल्या, "चोळल्याने गाठ झालेली नाही, आजी. पण अशी गाठ दाबायची नसते. फुटू शकते. मोठी असली की तिला पीळ पडू शकतो, मग अंडाशयाचा रक्तपुरवठाच तुटतो."

अंडाशयावर पाण्याची गाठ होती. पाळी सुरू असलेल्या बायकांमध्ये अशा गाठी पुष्कळ होतात, बहुतेक आपोआप जिरतात, कित्येकींना कळतही नाहीत, असं त्यांनी सांगितलं. जी जिरत नाही, वाढते, जिच्या आत घट्ट भाग दिसतो, किंवा पाळी गेल्यावर जी होते, तिच्याकडे जास्त बारकाईने बघावं लागतं. जावेची रक्ततपासणी झाली, काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. गाठ जिरली नव्हती, वाढली होती. दुर्बिणीतून काढली. अंडाशय वाचलं, गाठीत वाईट काही निघालं नाही. रिपोर्ट येईपर्यंत मी तिच्याशी धड बोलू शकले नाही. तीच म्हणायची, "तुम्हीच तर धुळ्याला नेलं ना?"

अजून बायका येतात. मी विचारते, कुठे दुखतं, पाळी कशी आहे, आणि दवाखान्यात पाठवते. "अक्का डॉक्टरीण झाली," असं पाठीमागे म्हणतात. म्हणू देत.

तू उद्याच जळगावात दाखव. तुझी जिरणारी गाठ असेल, नाहीतर गाठ नसेलही, पण माझ्या बोटांना ते कळणार नाही. आणि एकदम जोराची कळ आली, उलटी झाली, ताप किंवा चक्कर आली, तर उद्याचीही वाट बघू नको, त्याच घटकेला निघ.

दाखवून झालं की दिवाळीची वाट न बघता ये. रिपोर्ट मला वाचून दाखव, आणि चार दिवस नुसती राहा. लवकर ये गं.