पत्रिकेला जोडलेला रिपोर्ट

जयंती गेल्याचा फोन आला तेव्हा मी पापनाशमच्या स्टेशनवर तंजावरच्या गाडीची वाट बघत होतो. तिच्याकडेच निघालो होतो. तिची मुलगी विद्या एवढंच म्हणाली, "मामा, आतां सावकाश या." ... त्याचा अर्थ कळायला क्षणभर लागला, आणि मग आलेली गाडी मी तशीच सुटू दिली. याला आता सात आठवडे झाले.

माझी ही धाकटी बहीण तंजावरच्या एका कॉलेजात संशोधन करायची. विषय डीएनएतल्या अशा पट्ट्यांचा, ज्यांच्यापासून प्रथिन बनत नाही, पण कर्करोग रोखणारी जनुकं कधी आणि किती काम करतील हे ज्या ठरवतात. मी निवृत्त हेडमास्तर. मला पास-नापास कळतं, मधलं काही कळत नाही. आमची आई आणि मावशी दोघीही स्तनाच्या कर्करोगानं गेल्या, म्हणून जयंतीनं जनुकांची चाचणी करून घेतली. दोष नाही, असा रिपोर्ट आला. मला कोण आनंद! विद्यासाठी स्थळं बघणं चाललं होतं. आमची इथली मराठी घरं मोजकी, कोणाकडे कोण कशानं गेलं ते सगळ्यांना पाठ. मी शहाण्यानं त्या रिपोर्टची झेरॉक्स काढली आणि विद्याच्या पत्रिकेला जोडून घरोघर धाडली.

"अय्यो अण्णा, हें काय केलंस?" जयंतीनं कपाळाला हात लावला. "चाचणींत नुसतं जीन वाचतात. आपली पंपाची मोटर मागें कोल्लैंत, परसांत, स्विच पुढच्या खोलींत. मोटर चांगली म्हणून पाणी येईलच कां? स्विच कोणी बघितलाच नाहीं."

"खाली सही आहे ना? मग झालं," मी म्हणालो. वर आणखी एक सांगितलं... तिची दर वर्षाची स्तनाची तपासणी जवळ आली होती. हॉस्पिटलात कोणी पाहिलं तर धाडलेल्या कागदावर कोण विश्वास ठेवील? लग्न होऊ दे, मग जा. जन्मभर माझ्याशी वाद घालणारी माझी बहीण त्या दिवशी आपल्या खुर्चीत, दोन्ही हात मांडीवर ठेवून, नुसतं "बरं" म्हणाली. लग्न थाटात झालं. ती तपासणीला गेली तोवर आजार यकृतापर्यंत पोचला होता. मला माझीच चीड येते, आणि ती चीड घेऊन कुठं जावं ते कळत नाही.

गेल्या रविवारी मी तंजावरला जयंतीच्या घरी होतो, तिथं विद्या आली. तिच्या आईच्या सहकाऱ्यांनी जनुकाबाहेरचा भाग वाचून पाहिला होता; त्यात एका ठिकाणी बदल सापडला. आजार त्यामुळंच झाला का, हे कोणीच नक्की सांगू शकत नाही. तो बदल विद्यात उतरलाय का, तेही अजून ठाऊक नाही. तिला लगेच तपासणीला जायचं होतं. आईच्या खोलीत, आईच्या खुर्चीवर बसून तिनं विचारलं, "मामा, सासरीं सांगून टाकूं कां? तुम्ही याल माझ्याबरोबर?"

"थोडं थांब," माझ्या तोंडून निघून गेलं...

विद्या त्या खुर्चीत जयंती बसायची तशीच, दोन्ही हात मांडीवर ठेवून, बसून राहिली.